‘ईएपी’ची सर्व्हिस मॅन्युअलवरच का असते?

विंडोजच्या सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत ‘एक्स्टेन्सिबल ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल’ (ईएपी) अशी एक नोंद दिसते. आतलं नाव ईएपीहोस्ट, मूळ सेटिंग मॅन्युअल. कुणीतरी ती कधीकाळी ‘डिसेबल्ड’ केलेली असते आणि पूर्ववत करताना बरेच जण बिनधास्त ‘ऑटोमॅटिक’ निवडतात. त्याने बिघडत काही नाही, पण मूळ सेटिंग ते नव्हे.

ईएपीचं मूळ डायल-अपच्या जमान्यात आहे. तेव्हा टेलिफोन लाइनवरची जोडणी पीपीपी या प्रोटोकॉलने व्हायची आणि ओळख पटवायला पॅप आणि चॅप हे दोन रुळलेले मार्ग होते. पॅप तर पासवर्ड उघडाच पाठवायचं. मार्च १९९८मध्ये आरएफसी २२८४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून ईएपी आलं. ते स्वतः कुणाची ओळख पटवत नाही. निरोपांची देवाणघेवाण कशी व्हावी एवढंच ठरवतं. पासवर्ड वापरायचा की सर्टिफिकेट, हे आतली पद्धत बघते. मधलं उपकरण निरोप पुढे सरकवतं, निर्णय मागचा सर्व्हर देतो.

मोडेम गेले, ही रचना टिकली. २००१मध्ये आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१एक्स मानकाने ती लॅनच्या पोर्टवर आणली, म्हणजे ओळख पटल्याशिवाय नेटवर्कमध्ये प्रवेश नाही. त्याच वर्षी वायफायच्या डब्ल्यूईपी या सुरक्षा-पद्धतीची लक्तरं निघाली, त्यामुळे ऑफिसं आणि विद्यापीठं याच वाटेने वळली. एड्युरोम, म्हणजे शिक्षणसंस्थांची सामायिक वायफाय सेवा, हे त्याचंच फळ. भारतात ते अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क चालवतं, म्हणून मुंबईच्या आयआयटीत आलेल्या पाहुण्या प्राध्यापकाला स्वतःच्या संस्थेच्या खात्यावर तिथलं वायफाय मिळतं.

विंडोज एक्सपीत हे काम सुरुवातीला ‘वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन’ या वायफायच्या सर्व्हिसमध्येच मिसळलेलं होतं. व्हिस्टाने ईएपीहोस्ट वेगळं काढलं, म्हणजे इतर कंपन्यांनाही आपापल्या पद्धती त्यात जोडता याव्यात. पण एक्सपीच्या काळात, रॅम तुटपुंजी असताना, ‘नको त्या सर्व्हिसेस बंद करा’ ही सवय लागली होती. घरात कुठे ८०२.१एक्स असतं, म्हणून हिच्यावरही कुऱ्हाड चालली. विंडोज ७मध्ये मात्र वायफाय जोडणारी ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सर्व्हिस हिच्यावर अवलंबून आहे. म्हणजे साध्या पासवर्डचं घरचं वायफायही अडतं आणि समोर येतो एरर १०६८, जो ‘अवलंबून असलेली सर्व्हिस सुरू झाली नाही’ एवढंच सांगतो, ईएपीचं नावही घेत नाही.

मॅन्युअल म्हणजे आपण रोज हाताने सुरू करायची, असं नाही. गरज असलेली दुसरी सर्व्हिस तिला उठवते. कमांडमध्ये तर हे सरळच दिसतं: सर्व्हिसचं सेटिंग बदलणारी ‘एससी कॉन्फिग’ ही कमांड देताना मॅन्युअलसाठी ‘डिमांड’ लिहावं लागतं. त्यात ‘स्टार्ट’ला बरोबरचं चिन्ह चिकटून हवं आणि त्यानंतर एक स्पेस, नेमकी तीच द्यायची राहून जाते. विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात त्या रजिस्ट्रीत ‘स्टार्ट’ची किंमत ३ असते, डिसेबल्डची ४. एवढं करूनही १०६८ हटला नाही, तर ‘सीएनजी की आयसोलेशन’ ही एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सर्व्हिस बघा. ईएपीहोस्ट तिच्यावर अवलंबून आहे, आणि सर्व्हिसेस बंद करायच्या त्या उत्साहात बहुधा तीही गेलेली असते.