बाळाची सीटी अँजिओ आणि बाळाची कॅथ: एक झाली म्हणून दुसरी रद्द होत नाही

"सर, अँजिओ तर मागच्याच महिन्यात झाली, परत कशाला?" किंवा याच्या बरोबर उलट, "सीटीत सगळं स्पष्ट दिसलं म्हणाले ना, मग आता मांडीतून तार कशाला घालतायत?" सीटी अँजिओ म्हणजे शिरेत डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) देऊन काढलेला हृदयाचा सीटी स्कॅन, आणि कॅथ म्हणजे मांडीतून नळी हृदयात नेऊन केलेली तपासणी, तिलाही लोक अँजिओच म्हणतात. लहान मुलांच्या हृदयाचे सीटी होतात त्या रूममध्ये मी काम करतो आणि हे दोन प्रश्न ऐकून ऐकून कान किटले आहेत. पालकांवर राग नाही, त्यांचं डोकं आधीच पिंजलेलं असतं, पण सोबत आलेला एखादा काका "पैसे काढायचे धंदे आहेत सगळे" असं पुटपुटतो ना, त्याच्यासाठी हे लिहितोय.

मोठ्यांची अँजिओग्राफी तुम्हाला माहितीये, प्रत्येक घरात कुणाची ना कुणाची झालेली असते. मनगटातून नाहीतर मांडीतून तार, मग डाय, मग ब्लॉकेज किती टक्के आणि स्टेंट की बायपास. बाळाच्या बाबतीत हे सगळं डोक्यातून काढून टाका. इथे ब्लॉकेज कुणी शोधत नसतं. इथे प्रश्न असतो की कुठली रक्तवाहिनी कुठून निघाली, कुठे जाऊन जोडली गेली, केवढी जाड आहे, आणि आत प्रेशर किती आहे.

वरवरचे फरक पटकन सांगतो. सीटीला हातापायाच्या शिरेत सुई, वजनाच्या किलोमागे साधारण दीड-दोन मिली डाय, म्हणजे पाच किलोच्या बाळाला जेमतेम दहा मिली, झोपेचं औषध, आणि प्रत्यक्ष स्कॅन नव्या मशीनवर सेकंदभरात उरकतो. कॅथला मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात नेतात, बाळाला बहुतेक वेळा भूल देतात, तास-दोन तास लागतात आणि ॲडमिट राहावं लागतं. एक्स-रे दोन्हीत आहेत. बस, यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

खरा घोळ पुढे आहे. सीटी आकार दाखवते, प्रेशर मोजत नाही. शहरातल्या पाइपलाइनचा नकाशा कितीही सुबक काढलेला असला तरी तुमच्या नळाला पाणी किती जोरात येतं ते त्यावर लिहिलेलं नसतं, तसंच आहे हे. लोक रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात की यात प्रेशर कुठे लिहिलंय. नाहीये, आणि असणारही नाही. फुफ्फुसाची मुख्य धमनी सीटीत फुगलेली दिसली तर प्रेशर वाढलं असेल अशी शंका घेता येते. पण शंकेवर कुणी मुलाची छाती उघडत नाही.

एक उदाहरण घ्या. चार-पाच वर्षांचं मूल, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठं छिद्र, निदानच उशिरा झालेलं. (तान्ह्या बाळात असं छिद्र सापडलं तर बहुतेक वेळा टूडी इकोवरच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरच ऑपरेशन ठरतं, कॅथ लागतच नाही, हेही लक्षात ठेवा.) या मुलाच्या फुफ्फुसात इतकी वर्षं जास्तीचं रक्त जोरात जात राहिलंय आणि त्यामुळे फुफ्फुसातल्या अगदी सूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होत जातात. तो बिघाड इतक्या बारीक वाहिन्यांत असतो की सीटीला तो थेट दिसतच नाही, मशीन कितीही महागडं असू दे. आता छिद्र बुजवायचं की नाही हे या धमन्या किती कडक झाल्यात त्यावर ठरतं. कॅथमध्ये समजा फुफ्फुसाच्या धमनीतलं सरासरी प्रेशर ५० निघालं आणि डाव्या वरच्या कप्प्यातलं १०. फरक ४०. आता फुफ्फुसातून मिनिटाला रक्त किती जातंय ते वेगवेगळ्या कप्प्यांतल्या रक्ताचे नमुने घेऊन, त्यातल्या ऑक्सिजनवरून काढतात. मुलाच्या आकाराच्या हिशोबाने तो प्रवाह १० लिटर असेल तर रेझिस्टन्स, म्हणजे धमन्यांचा अडथळा (४० भागिले १०), आला ४, आणि सर्जन सहसा पुढे जातात. पण प्रवाह ४ लिटरच असेल तर रेझिस्टन्स १०, आणि तिथे सगळे थबकतात, मग ऑक्सिजन नाहीतर नायट्रिक ऑक्साइड (धमन्या सैल करणारा वायू) देऊन आकडा खाली येतो का ते पुन्हा मोजून बघतात. प्रेशर दोन्हीकडे तेच, ५०! सीटीत धमनी दोन्हीकडे सारखीच फुगलेली दिसू शकते, आणि निर्णय मात्र एकदम उलटे. कारण धमन्या कडक झालेल्या असताना छिद्र बुजवलं तर हृदयाच्या उजव्या बाजूची पळवाटच बंद होते आणि उजवा खालचा कप्पा दाबाखाली थकून बसतो.

कॅथसाठी १९५६ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यातल्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी ती वापरली ती हृदयातलं प्रेशर आणि प्रवाह मोजायलाच, ब्लॉकेजचं प्रकरण नंतरचं. म्हणून "कॅथ म्हणजे जरा मोठी सीटी" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आणि कॅथ केली म्हणजे सीटी नको, हेही चूकच. कॅथमधला फोटो म्हणजे एकावर एक पडलेल्या सावल्या, आणि डाय जिथे सोडला तेवढंच दिसणार. सीटीत आजूबाजूचं सगळं येतं. महाधमनीचा वेढा पडून श्वासनळी दाबली गेली असेल तर ती श्वासनळी सीटीतच नीट दिसते. फॅलोट्स टेट्रालॉजीत, म्हणजे निळ्या पडणाऱ्या बाळांतल्या नेहमीच्या आजारात, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या दोन फांद्या किती मिलिमीटरच्या आहेत ते सीटीवर मोजतात. शिवाय काही बाळांत एक कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी, नेमकी तिथूनच आडवी गेलेली असते जिथे सर्जनला कापायचं असतं, ती आधी कळलेली बरी. दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर छातीच्या मधल्या हाडाला आतून काय चिकटलंय तेही बघतात, नाहीतर करवत लावली की रक्ताचा लोट.

आता माझ्या काही खास चिडचिडी. गावाकडून साधी छातीची एचआरसीटी (फुफ्फुसं बघायचा सीटी) करून आणतात, बिनडायची, आणि "सीटी झालीये" म्हणतात. या कामाला ती शून्य उपयोगाची, उगाच बाळाला रेडिएशन. दुसरं, चिमुकल्या छिद्रासाठी सीटी मागणं. ते इकोचं काम आहे, इको आतलं बघतो, झडपा हलताना बघतो, प्रेशरचा अंदाजही देतो, त्याला कमी लेखू नका. तिसरं, "किती स्लाइसची मशीन आहे?" अहो, रोज लहान मुलांचे स्कॅन करणारी टीम ६४ स्लाइसवर जे काढेल ते फक्त मोठ्यांचे स्कॅन करणाऱ्या सेंटरच्या २५६ वर निघेलच असं नाही, मी तरी माझं मूल पहिल्यांकडे नेईन. रेडिएशनचा डोससुद्धा तेच लोक कमी ठेवतात, कारण मशीनचं व्होल्टेज बाळाप्रमाणे खाली आणायची सवय त्यांना असते.

निळ्या पडणाऱ्या बाळाला उपाशी ठेवताना सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त ठेवू नका, "नंबर लागेल तेव्हा देऊ दूध" असं तर अजिबात नाही. अंगातलं पाणी कमी झालं की ही बाळं झटकन निळी पडतात आणि त्यांचं रक्तही आधीच घट्ट असतं. सकाळचा पहिला नंबर मागा, मिळतो बहुतेक वेळा. आणि आम्ही नळीतला हवेचा एकेक बुडबुडा टिचक्या मारून काढत बसतो त्याला वेळकाढूपणा समजू नका, या बाळांत शिरेतली हवा फुफ्फुसात न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकते.

शेवटचं, ज्यांची ग्लेन किंवा फॉन्टन (शिरांचं रक्त थेट फुफ्फुसाच्या धमन्यांना जोडायची ऑपरेशनं) झालीये त्यांनी ते सुई लावायच्या आधी सांगायचं. फॉन्टननंतर शरीराच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्याचं रक्त थेट फुफ्फुसाच्या धमन्यांत येतं, हाताच्या शिरेतून डाय दिला तर वरचं रक्त पांढरं चमकतं आणि खालचं बिनडायचं येऊन त्यात मिसळतं, आणि स्क्रीनवर हुबेहूब गुठळी दिसते जी तिथे नसतेच. आधी माहीत असेल तर आम्ही हात आणि पाय दोन्हीकडून डाय देतो किंवा थोडं थांबून दुसरा स्कॅन घेतो. तेव्हा जुनं डिस्चार्ज कार्ड आणि आधीच्या स्कॅनची सीडी आणा, फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला फोटो नको, त्यावर मिलिमीटर मोजता येत नाहीत.