मीटरवर घसरत्या गाडीचा दिवा लागलाय? सेन्सर बदलण्याआधी हे वाचा

मागून दिसणारी गाडी आणि तिच्याखाली चाकांच्या दोन नागमोडी रेषा, हा पिवळा दिवा स्टॅबिलिटी कंट्रोलचा. मारुती त्याला ईएसपी म्हणते, ह्युंदाई ईएससी, टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए. काम सगळीकडे एकच. तुम्ही स्टिअरिंग वळवलं तिकडे न जाता गाडी भलतीकडे सरकू लागली, की ही यंत्रणा एखाद्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते, गरज पडल्यास इंजिनाची ताकद कमी करते आणि गाडी सावरते. १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलेली ही सोय आता आपल्याकडच्या लहान गाड्यांतही असते.

आधी एवढंच बघा: दिवा लुकलुकला की लागूनच राहिला? पावसात कुंभार्ली घाट चढताना एखाद्या वळणावर लुकलुकून विझला असेल, तर बिघाड काहीच नाही. चाक घसरलं आणि यंत्रणेने आपलं काम केलं. वेग कमी ठेवा आणि टायरची नक्षी किती उरली आहे ते पाहा. दिव्याखाली ‘ऑफ’ लिहिलेलं दिसत असेल, तर बटण दाबलं गेलंय. डॅशबोर्ड पुसताना हे हमखास होतं. चिखलात रुतलेली गाडी काढायला हे बटण मुद्दाम दाबतात, पण बाहेर पडल्यावर यंत्रणा आठवणीने पुन्हा चालू करा.

दिवा लागूनच राहिला तर मात्र तपासणी हवी. एकटा हाच दिवा असेल, तर नेहमीचे ब्रेक लागतात. सावकाश गाडी आणा. सोबत एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा असेल, तर ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबू नका, चाकं लॉक होतील. लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल, तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का पाहा आणि मग ब्रेक ऑइलची पातळी. दोन्ही ठीक असूनही दिवा जात नसेल किंवा ऑइल कमी असेल, तर गाडी चालवू नका, आमच्या गॅरेजला फोन करा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: चढावर गाडी धरून ठेवणारा हिल होल्ड याच यंत्रणेवर चालतो. दिवा लागलेला असताना चढावर ब्रेकवरचा पाय काढलात, की गाडी सरळ मागे येऊ शकते.

आता कोडबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या आणि स्कॅनरने वाचायच्या बिघाडाच्या क्रमांकाबद्दल. ‘स्कॅनरने पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर दाखवला, तोच बदलून द्या’ असं सांगत पुष्कळ जण येतात. त्या चाकाच्या वेगाची माहिती नीट येत नाही, एवढंच कोड सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की बेअरिंगचा, हे तो सांगत नाही. मोबाईलला जोडायची स्वस्त स्कॅनरं बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. त्यात ‘काही फॉल्ट नाही’ आलं, म्हणून निश्चिंत होऊ नका.

आम्ही स्कॅनर लावून गाडी चालवतो आणि चारही चाकांचा वेग एकत्र पाहतो. तीन चाकं ताशी २० किमी दाखवत असताना चौथं शून्यावर असेल किंवा मध्येच शून्यावर उडी मारत असेल, तर ते चाक उघडायचं. आपल्याकडे पावसाळ्यात बहुतेक वेळा कपलरमध्ये, म्हणजे सेन्सरच्या वायरच्या जोडणीत, पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या असतात. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेली गाडी तुमच्याकडे असेल, किंवा तशी सेकंडहँड घेतली असेल, तर आवर्जून सांगा. उंदरांनी वायर कुरतडणं हे दुसरं नेहमीचं कारण. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुसा चिकटला असेल, तर नुसत्या पुसण्याने काम होतं, पैसे लागतात ते फक्त मजुरीचे.

बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर शंका बेअरिंगवर घ्या. सेन्सर ज्यावरून चाकाचा वेग मोजतो ते चुंबकाचं कडं बऱ्याच गाड्यांत त्याच्या एका बाजूच्या सीलमध्येच असतं, डोळ्यांना ते कळत नाही. बेअरिंग उलटं दाबून बसवलं, की सेन्सरला समोर काहीच सापडत नाही. मग नवा सेन्सर घाला नाहीतर चार घाला, दिवा तसाच.

चाकं ठीक निघाली, तर बॅटरी, ब्रेक लाईटचा स्विच आणि टायर पाहतो. थकलेली बॅटरी स्टार्ट मारताना इतकी खाली जाते की कॉम्प्युटर गोंधळतो. ब्रेक लाईटचा स्विच लहानसाच, पण पेडलवर पाय नसताना मागचे लाईट पेटलेले राहत असतील, तर दोषी बहुधा तोच. एका चाकाला लहान मापाचा टायर किंवा लहान स्टेपनी असेल, तर ते चाक जास्त फेरे घेतं आणि ते घसरतंय असा यंत्रणेचा समज होतो. अलाइनमेंटनंतर दिवा लागला, तर स्टिअरिंगच्या सेन्सरला ‘सरळ’ कुठे हे पुन्हा शिकवावं लागतं. चेक इंजिनचा दिवाही सोबत असेल, तर आधी इंजिनाचं काम. ते झालं की पुष्कळदा हा दिवा आपोआप जातो.

कोड नुसता पुसून गाडी देणं आम्ही करत नाही. तपासणीचे पैसे वेगळे घेतो, बदललेला भाग तुमच्या हातात देतो, आणि गाडी चालवून दिवा परत लागत नाही हे पाहूनच चावी देतो. येताना दिवा पहिल्यांदा कधी लागला, तेव्हा पाऊस होता का आणि त्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं, ते आठवून या. आणि घरी बॅटरीची वायर काढून दिवा घालवायला जाऊ नका. काही गाड्यांत त्याने स्टिअरिंगच्या सेन्सरचं नवं काम निघतं.