शीड आवळायचं केव्हा, सोडायचं केव्हा

हिवाळ्यात मुंबई बंदरात सकाळी जमिनीवरून आलेला मंद वारा असतो. ऊन चढलं की तो पडतो आणि पाणी तेल ओतल्यासारखं निश्चल होतं. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरू लागतो आणि कधीकधी १२ ते १५ नॉटपर्यंत चढतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) शिडाची बोट चालवायला शिकणाऱ्यासाठी हा दिवस फार मोलाचा. शिडांची जी जुळवणी सकाळी बरोबर होती ती दुपारी चुकीची ठरते, आणि का चुकीची ठरते ते समजून घेण्यातच निम्मं शिक्षण आहे.

नवशिक्याचा हात बहुतेक वेळा दोर आवळण्याकडे धावतो. त्याला कारण आहे. सैल शीड फडफडतं, आवाज करतं, चूक लगेच दाखवून देतं. गरजेपेक्षा जास्त आवळलेलं शीड मात्र गप्प असतं. ते पोट भरून टम्म दिसतं, सुरकुती नसते, बोट छान कललेली असते, आणि वेग हळूहळू उतरत जातो. ही मुकी चूक ओळखता येणं, हेच शीड जुळवण्याच्या कौशल्याचं मर्म आहे.

ती चूक का घडते ते पाहू. वारा मागून असेल तर शीड वाऱ्याचा ढकला घेतं, एवढं सरळ आहे. पण वारा बाजूने किंवा पुढून येत असताना शीड पंखासारखं काम करतं. स्वयंपाकघरातला चमचा दांड्याने सैल लोंबता धरा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हलकेच लावा. चमचा बाहेर ढकलला जात नाही, उलट धारेकडे ओढला जातो. धार पाठीला चिकटून वळते आणि वळताना चमच्याला स्वतःकडे खेचते. शिडाच्या फुगीर बाजूवरून हवा अशीच वळून जाते, तिथला दाब कमी होतो आणि शीड त्या बाजूला ओढलं जातं. हा जोर बराचसा आडवा आणि थोडा पुढे असतो. आडव्या भागाला कील, म्हणजे बोटीच्या तळाचा पाण्याखालचा उभा पंख, अडवतो, उरलेला भाग बोट पुढे नेतो. शीड फार आवळलं की हवेला इतकं वळण घेता येत नाही. ती फुगीर बाजूपासून सुटते, मागे भोवरे उठतात, पुढचा ओढा संपतो आणि आडवा रेटा तेवढा उरतो. कलणं कायम, चाल गायब, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. शिडाला जाणवणारा वारा हा खरा वारा आणि बोटीच्या चालीचा वारा यांची बेरीज असतो. खरा वारा १० नॉट, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) ४५ अंशांवरून येणारा, आणि बोटीचा वेग ५ नॉट धरा. शिडाला जाणवेल सुमारे १४ नॉट, तोही ३० अंशांवरून. तीच बोट त्याच वेगाने वाऱ्याला पाठ देऊन गेली, तर जाणवेल फक्त ५ नॉट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून या दोन स्थितींत जवळजवळ आठ पटींचा फरक पडतो. वारा पाठीशी घेऊन निवांत चाललेली मंडळी परतीसाठी वाऱ्याकडे वळली की एकदम धांदल उडते ती याचमुळे. शीड लहान करायचं असेल तर ते ठरवावं वळण्याआधी.

एक डोलकाठी, तिच्या मागे मेनसेल हे मुख्य शीड आणि पुढे जिब हे दुसरं शीड, अशा मांडणीला स्लूप म्हणतात. क्लबातल्या बहुतेक शिकाऊ बोटी अशाच असतात. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या, नौदलाच्या ५६ फुटी म्हादेई आणि तारिणी याही स्लूपच. म्हादेईवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथले दोर जाड आणि विंच (दोर गुंडाळून ओढायचे उभे रीळ) मोठे, पण नावं आणि कामं तीच. शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाचा कोन ठरवणारा दोर. शीड वर चढवणारा दोर हॅलयार्ड. वाऱ्याला सामोरी जाणारी कड लफ, मागची मोकळी कड लीच. मेनसेलच्या खालचा आडवा दांडा बूम.

आता मुकी चूक बोलती करणारं साधन पाहू. जिबच्या लफपासून साधारण वीतभर ते हातभर मागे, शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे पंधरा-वीस सेंटिमीटरचे धागे लावतात. जोड्या तीन उंचींवर, खाली, मध्ये आणि वर. यांना टेलटेल म्हणतात. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहत असतील तर हवा दोन्हीकडून चिकटून जाते आहे. वाऱ्याकडचा धागा उडू-नाचू लागला तर शीड सैल आहे, किंवा बोट वाऱ्याच्या तोंडावर जास्त गेली आहे. आडोशाकडचा, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा, धागा गरगरू लागला किंवा मान टाकून लोंबला, तर शीड जास्त आवळलं गेलं आहे, किंवा बोट वाऱ्यापासून जास्त वळली आहे. दुरुस्ती लक्षात ठेवायला सोपी: जो धागा नाचतो त्याच्याकडे शीड न्यायचं. वाऱ्याकडचा नाचला तर आवळा, आडोशाकडचा नाचला तर सोडा. शीट न हलवता सुकाणूनेच दुरुस्ती करायची असेल तर टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडाही, नाचणाऱ्या धाग्याकडेच ढकलायचा. चाक असलेल्या बोटीत मात्र ते उलट्या बाजूला फिरवावं लागतं. हा फरक विसरून अनेकांची गफलत होते.

दोन्ही धाग्यांत आडोशाकडचा महत्त्वाचा, कारण तोच मुक्या चुकीची खबर देतो. उन्हात कापडातून त्याची सावली दिसते. काही शिडांत यासाठी पारदर्शक खिडकीच ठेवलेली असते. काही दिसेनासंच झालं तर शीट सोडत जा, लफ जरा थरथरेपर्यंत, आणि मग ती थरथर थांबेल इतकीच आवळा. त्यापुढे एक इंचही नको. वारा क्षणाक्षणाला सरकतो, तेव्हा हे दर काही मिनिटांनी पुन्हा करावं लागतं.

तिन्ही जोड्या एकदम वागत नसतील तर दोष शीटच्या ओढीत नाही, ओढीच्या दिशेत आहे. डेकवरच्या रुळावर एक सरकती कप्पी असते, तिला जिबकार म्हणतात. बोट हळूहळू वाऱ्याकडे वळवा. वरचा वाऱ्याकडचा धागा आधी नाचला तर शिडाचा माथा फार उघडा आहे. कार पुढे सरकवा, म्हणजे शीट लीचला खाली ओढेल. खालचा आधी नाचला तर कार मागे. भाराखाली कार सरकवू नये. बोट दुसऱ्या कुशीवर घेतली, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की रिकाम्या बाजूची आरामात हलवता येते.

मेनसेलमध्ये मुख्य प्रश्न पिळाचा. पाण्याच्या घर्षणाने खालचे हवेचे थर मंदावतात, डोलकाठीच्या टोकाशी वारा जास्त असतो. बोटीचा वेग मात्र वरखाली एकच. त्यामुळे वर जाणवणारा वारा जरा अधिक बाजूने येतो, आणि शिडाचा माथाही खालच्या भागापेक्षा थोडा बाहेर वळलेला हवा. बूमखाली वाकून वर बघा: लीचला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी सर्वांत वरची बूमला समांतर दिसली की सुरुवात बरोबर झाली. त्या पट्टीच्या टोकाला बांधलेली फीत कधी मागे उडावी, कधी आडोशाला दडावी. दडूनच बसली तर मेनशीट थोडी सोडा. वाऱ्याच्या तोंडावर जाताना मेनशीट लीच खाली ओढून पीळ ठरवते आणि बूमखालचा ट्रॅव्हलर, म्हणजे आडव्या रुळावरची सरकती कप्पी, शिडाचा कोन ठरवतो. वारा बाजूला आला की मेनशीट सोडावी लागते, मग बूम वर उचलू पाहतो. त्याला खाली धरून ठेवायचं काम व्हँग नावाच्या दोराचं.

हॅलयार्डचं वाचन सोपं आहे. लफपासून आडव्या सुरकुत्या निघाल्या तर दोर ढिला, लफला समांतर उभी घडी पडली तर जास्त ताणलेला. वारा वाढला की कापड ताणतं आणि शिडाचं पोट मागे सरकतं. हॅलयार्ड ताणून ते पुन्हा पुढे आणायचं असतं.

दुपारचा वारा भरू लागला की बोट २० अंशांहून जास्त कलते आणि टिलर हाताला खेचू लागतो. बोट आपणहून वाऱ्याकडे वळू पाहते. कललेल्या बोटीत शिडांचा जोर पाण्याबाहेर, एका कुशीला लोंबतो, आणि ओढ बाजूला पडली की हातगाडी वळते तशी बोट वळते. ते रोखायला सुकाणू तिरकं धरलं की तेच ब्रेक होतं. सुकाणूशी दंड थोपटण्यात काही अर्थ नाही, उपाय शिडांत आहे. आधी शिडं सपाट करा: हॅलयार्ड ताणा, बूमवरचा आउटहॉल (शिडाचं मागचं टोक ओढणारा दोर) ताणा, बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारा ताण) ताणता येत असेल तर तोही. मग ट्रॅव्हलर आडोशाकडे सोडा. झुळूक आली की मेनशीट हातभर सोडा, माथा उघडून जास्तीचा जोर निघून जाईल. तरीही टिलर खेचत राहिला तर रीफ, म्हणजे शीड लहान करणं. हा विचार पहिल्यांदा मनात येतो तेव्हाच तो घ्यावा. दहा मिनिटांनी तेच काम दुप्पट कठीण होतं.

रीफचा क्रम मोडला की शीड फाटतं. बोट वाऱ्याच्या जवळ धरून थोडा वेग राखा. बूमचं वजन टॉपिंग लिफ्टवर, म्हणजे बूमला वरून तोलणाऱ्या दोरावर, घ्या. व्हँग सोडा, मेनशीट सोडा. हॅलयार्ड आधी रंगीत धाग्याने खूण केलेल्या जागेपर्यंत उतरवा. लफवरचं रीफचं कडं डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवा. हॅलयार्ड पुन्हा कडक ताणा, आणि मगच लीचकडचा रीफचा दोर ओढून मागचं कडं बूमला टेकवा. शेवटी टॉपिंग लिफ्ट ढिली, मेनशीट आणि व्हँग पूर्ववत. बहुतेक वेळा व्हँग सोडायचा राहतो: बूम वर येत नाही, रीफचा दोर विंचवर कितीही फिरवला तरी कडं बूमला लागत नाही आणि सगळा ताण कापडावर येतो. दुसरी चूक म्हणजे हॅलयार्ड अर्धवट ताणणं. शीड लहान होतं पण पोटाळं राहतं, आणि बोट पहिल्याइतकीच कलते.

विंचबद्दल एक हिशेब. दोर घड्याळाच्या दिशेने गुंडाळतात. घर्षणांक ०.२ धरला तर एक वेढा पकड सुमारे साडेतीन पट करतो, आणि तीन वेढे ४३ पट. म्हणजे शंभर किलोचा ओढा जेमतेम अडीच किलोच्या पकडीने धरता येतो. पण वेढे सुरुवातीलाच चार टाकले आणि दोर सैल असला, तर एक वेढा दुसऱ्यावर चढून अडकतो. म्हणून ढिला दोर ओढताना दोन, भार आल्यावर तिसरा-चौथा. सोडताना वेढ्यांवर तळहात दाबून दोर सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकू द्यायचा. बोटं आणि अंगठा दोर आणि विंच यांच्यामध्ये कधीही जाऊ द्यायचे नाहीत.

वाऱ्याच्या तोंडातून वळणं म्हणजे टॅक. कोकणातल्या जुन्या गलबतांना हे अवघड जाई, कारण शिडाचं लांबलचक परबाण (शीड बांधायचा दांडा) डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागे. त्यापेक्षा वाऱ्याला पाठ देऊन वळणं बरं. स्लूपला टॅक सोपा, फक्त वेळ साधावी लागते. आधी चांगला वेग घ्या. वळणाची सुरुवात हळू, मध्ये जलद. जिब उलट्या बाजूने भरायच्या बेतात आलं की जुनी शीट पूर्ण सोडा. लवकर सोडली तर चाल जाते, उशीर झाला तर उलटं भरलेलं जिब नाळेला गरजेपेक्षा फार पलीकडे ढकलतं. नवी शीट शीड भरण्याआधी हातानेच झपाझप ओढा, हँडल शेवटच्या वीतभरासाठी. बाहेर पडताना वाऱ्याकडे पाचेक अंश कमी चढा आणि चाल आली की वर घ्या. बोट तोंडावरच अडकली तर जिब मुद्दाम उलट्या बाजूला धरा, नाळ बाजूला पडेल. तोवर बोट मागे सरकत असेल तर सुकाणू उलटं चालतं, हे विसरू नका.

पाठीच्या वाऱ्यात वळताना, म्हणजे जाइबमध्ये, बूम डोक्यावरून जातो. मेनशीट आधी मध्यावर आवळा, वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला की लगेच मोकळी सोडा. नको असलेल्या जाइबची सूचना जिब देतं: ते मेनसेलच्या आड मरगळून लोंबू लागलं की सगळ्यांना डोकं खाली घ्यायला सांगा आणि बोट थोडी वाऱ्याकडे वळवा.

हे सगळं अंगवळणी पाडायला एक सराव उत्तम. एलिफंटा-मांडव्याच्या लाँचींच्या वाटेपासून दूर, मोकळ्या पाण्यात, १० नॉटच्या आतल्या वाऱ्यात, बाजूचा वारा घेऊन टिलर मध्यावर बांधून टाका. आता फक्त शिडांनी वळवा. मेनशीट आवळून जिब सैल केलं की नाळ वाऱ्याकडे जाते. जिब आवळून मेनसेल सोडलं की वाऱ्यापासून दूर. माणसं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर गेली तरी बोट वळते. एका बोयापासून दुसऱ्या बोयापर्यंत अशी सरळ रेष राखता आली, की मग जिबशीटवर आणि हॅलयार्डवर त्या वाऱ्याची रंगीत धाग्याने खूण करून ठेवा आणि दुपारचा वारा भरल्यावर तीच रेष पुन्हा मारून दुसरी खूण करा.