लांबच्या वाटेने लवकर पोहोचणारे विमान

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती, हे भिंतीवरच्या नकाशावरून कळत नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा लागतो. हा दोरा तिबेट आणि सायबेरियावरून ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, मग अलास्कावरून खाली उतरतो आणि त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. मात्र विमाने ही रेघ तंतोतंत पाळत नाहीत. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर विमानाला साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटची जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंच आहे.

एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये या विमानाने दिशा बदलली आणि ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून गेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर आटोपला.

हे घडले वाऱ्यामुळे. बोइंग ७७७ जातीचे विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते, पण ती हवा स्वतःही सरकत असते. वरील आकड्यांचा भागाकार केला, तर पॅसिफिकवरून जाताना जमिनीच्या तुलनेत सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या वर निघतो. अटलांटिकवरून तो ८५०च्याही खाली राहतो. एकीकडे वारा पाठीशी होता, दुसरीकडे समोरून येत होता.

उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान झोतवारे तयार होतात. हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावा म्हणून त्याने आपला अहवाल एस्परान्तो या कृत्रिम भाषेत छापला, आणि जपानबाहेर त्याकडे फारसे कोणी पाहिलेच नाही. इतके मोलाचे निरीक्षण असे मागे पडावे, याची हळहळ वाटते.

पृथ्वी खालून फिरत असल्याने पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, अशी शंका पुष्कळांना येते. परंतु वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि जमिनीवरून उड्डाण करणाऱ्या विमानाला तो वेग आधीच मिळालेला असतो, त्यामुळे फरक पडतो तो वाऱ्याचाच.

म्हणूनच परतीचे विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून दिल्लीला येई, आणि जाऊन-येऊन त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होई.