घरी लिफ्ट बसवायची? टन नंतर बघा, आधी टेप काढा

घरच्या गॅरेजला गाडी उचलायची लिफ्ट बसवायची म्हटलं की विकणारा पहिल्यांदा विचारतो, गाडी किती टनाची. मलाही तेच विचारलं आणि वर "चार टनाची घ्या साहेब, कुठलीही गाडी चढेल" असं सांगून मोकळा झाला. आमच्याकडे वडिलांची बोलेरो आणि माझी स्विफ्ट, दोन्हीचं मिळूनसुद्धा चार टन होत नाही, म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता ते वजन गाडीत नेमकं कुठं बसलंय आणि गाडी खालून कुठं धरायची याचा, आणि त्याबद्दल कोणी एक अक्षर बोलत नाही.

उचलण्याचं काम तसं सोपं आहे. 1925 साली अमेरिकेत मेम्फिस शहरात पीटर लुनाटी नावाच्या माणसाने पहिली हायड्रॉलिक कार लिफ्ट केली, सलूनची वरखाली होणारी खुर्ची बघून त्याला ते सुचलं म्हणतात. तत्त्व पास्कलचं, बंद तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. दोन टनाची गाडी दोन सिलिंडरवर तोललीय असं धरा, एकेकावर 1000 किलो. सिलिंडर आतून 5 सेंटिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ साधारण 19.6 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तेलाचा दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला 51 किलो. गाडीच्या टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो त्याच्या वीसपटीहून जास्त, पण छोट्या पंपाला हे सहज जमतं, फक्त गाडी हळूहळू वर जाते एवढंच.

खरी गोष्ट गुरुत्वमध्याची आहे, म्हणजे ज्या बिंदूवर सगळ्या गाडीचं वजन तोललं जातं त्याची. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे. ऊस-वाळूच्या काट्यावर एकदा नुसती पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं घ्या, लगेच कळतं. समजा 900 किलोपैकी 540 पुढे भरलं, म्हणजे 60 टक्के. मागे उरले 40 टक्के. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, 2450 मिलिमीटर, त्याचे 40 टक्के म्हणजे 980, तर पुढच्या एक्सलपासून मागे 980 मिलिमीटरवर गाडीचा तोल आहे. दोन खांबांच्या लिफ्टला गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब, प्रत्येक खांबाला गाडीखाली जाणारे दोन हात आणि हातांच्या टोकाला गाडी टेकते ते पॅड. तिला हा बिंदू साधारण खांबांच्या रेषेत यावा लागतो, म्हणून तर बऱ्याच लिफ्टचे पुढचे हात आखूड आणि मागचे लांब असतात. आता डिकीत मागच्या एक्सलवर सिमेंटची दोन पोती, म्हणजे 100 किलो टाकून बघा, तोल 147 मिलिमीटर मागे सरकतो, जवळजवळ सहा इंच. आणि गाडी वर असताना पुढचं 120 किलोचं इंजिन-गिअरबॉक्स उतरवलं तरी जवळपास तेवढाच सरकतो. काम सुरू करताना नीट तोललेली गाडी काम करता करता मागे कलंडू शकते ती अशी, लिफ्ट चार टनाची असली तरीही.

आणखी एक, लिफ्टवर लिहिलेली क्षमता चार हातांत वाटलेली असते. चार टन म्हणजे एका हाताला एक टन, एकाच कोपऱ्यावर भार गेला तर पाटीवरचा आकडा कामाचा नाही.

मग धरायचं कुठं. स्विफ्टला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, तिला दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, खाचा दिलेल्या असतात, फक्त तिथंच पॅड लागला पाहिजे, चार बोटं आत सरकला की पत्रा दबलाच. बोलेरोला लांबलचक चासी, भार तिच्यावरच घ्यायचा, आणि ती दारापेक्षा बरीच आत असते, म्हणजे हात तेवढे आत पोचले पाहिजेत आणि पॅडखाली उंची वाढवणारे अ‍ॅडॉप्टर लागतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बहुतेकदा पोटाखाली बॅटरी असते, तिला पॅड चुकूनही टेकता कामा नये, त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातली आकृती बघितल्याशिवाय लिफ्टचं नावच काढू नका.

आता छत. बोलेरोची उंची 1880 मिलिमीटर, खाली ताठ उभं राहून काम करायला गाडी 1800 तरी वर हवी, बेरीज 3680, म्हणजे बारा फुटांच्याही वर. बंगल्याच्या पार्किंगचं छत बहुतेक ठिकाणी दहा फुटाचं, 3048, त्यातून बोलेरो गेली की उरतात 1168. उभं राहायचा विषयच संपला, तिथं गाडीखाली कात्रीसारखी उघडत मीटरभर उचलणारी कात्री लिफ्ट बरी, बसून काम करायचं. तिच्यात अडचण ही की गाडीच्या पोटाचा मधला भाग लिफ्टनेच झाकला जातो, सायलेन्सर किंवा गिअरबॉक्सचं काम त्रासाचं होतं. चार खांबांची लिफ्ट चाकांवरच गाडी उचलते म्हणून कुठं धरायचं हा प्रश्न येत नाही, खाली दुसरी गाडीसुद्धा लावता येते, पण चाकं काढायची तर वर वेगळा जॅक लागतो आणि जागा भरपूर खाते.

फरशीचं मात्र मनावर घ्या. दोन खांबांच्या लिफ्टचा सगळा तोल बोल्टवर असतो, गाडीचं वजन खांबाला आत वाकवायला बघतं आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट उपटायला बघतं. चार इंच सलग, चांगलं काँक्रीट ही कमीत कमी गरज, काही लिफ्टना त्याहून जास्त. आमच्याकडे शहाबादी फरशीत ड्रिल घातलं तर दोन इंचांवर माती लागली. मिस्त्री भुगा बोटात चोळून म्हणाला, "दादा, ह्यात बोल्ट नाय धरणार." पेव्हर ब्लॉकवर तर विचारही करू नका. फरशी काढून नवीन काँक्रीट ओता आणि 28 दिवस पाणी मारून, थांबून मगच बोल्ट ठोका.

लिफ्ट वर जाताना खट् खट् आवाज येतो तो सुरक्षेच्या खटक्यांचा. बरेच जण हवी ती उंची आली की बटण सोडतात आणि तसेच खाली शिरतात, तेव्हा गाडी नुसत्या तेलावर लटकत असते, एक सील गेलं की खाली. थोडं खाली घेऊन दोन्ही बाजू लोखंडी खटक्यावर बसवायच्या, दोन्हीकडे डोळ्यांनी बघायचं. आणि त्याच्याही आधी, चाकं जमिनीपासून सहा इंच सुटली की थांबायचं, चारही पॅड बघायचे, बंपरला हात लावून गाडी जरा हलवायची. डुगडुगली तर खाली घ्यायची आणि हात पुन्हा लावायचे, कितीही वेळा करावं लागलं तरी.