उवेचे पाणी जाते कुठे?

नागपंचमीला माझी भाची वसतिगृहातून घरी आली ती डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून. दारात लिंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या पोरी मेंदीच्या हातांनी वेण्यांत गजरे माळत होत्या, आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. ओढणी सोडवली तेव्हा कळले. कमरेपर्यंतचे केस कानाच्या वर कापलेले, तेही आडवेतिडवे.

"उवा झाल्या होत्या, आत्या. बाईंनी आमच्या खोलीतल्या सगळ्यांचेच कापायला लावले."

वहिनींना वाईट वाटले होते, पण नवल वाटले नव्हते. त्या म्हणाल्या, "तिकडं पाण्याचे वांधे. लेकरं आठ-आठ दिवस डोक्यावरून न्हात नाहीत. मग उवा होणारच की."

मी परभणीत प्राणिशास्त्र शिकवते. वर्गात उवेचे चित्र फळ्यावर काढून मी वर्षानुवर्षे पुढच्या प्रकरणाकडे गेले आहे. त्या दिवशी मात्र वहिनींचे वाक्य डोक्यातून जाईना, कारण आपल्याकडे शिक्षकांपासून आईबापांपर्यंत जवळजवळ सगळे हेच मानतात: घाण असते तिथे उवा होतात. हे खरे असते, तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात माणसांपेक्षा उवा जास्त झाल्या असत्या, आणि लंडन-सिडनीच्या शाळांत एकही सापडली नसती. तिथल्या शाळांतही उवा सर्रास आहेत. उवेला मळ नको, घाम नको. तिला हवे दर काही तासांनी ताजे रक्त, टाळूची ऊब आणि पकडायला केस. हे तिन्ही रोज न्हाणाऱ्या डोक्यावरही असते.

या समजुतीचे मूळ फार जुने आहे. आपल्या प्राचीन ग्रंथांत जीवांचे चार प्रकार सांगितले आहेत: जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. उवा, ढेकूण, डास स्वेदज, म्हणजे घामातून आणि उबेतून आपोआप जन्मणारे. युरोपातही तसेच मानत. तिथे १६६८ साली फ्रान्चेस्को रेदीने मांस कापडाने झाकून दाखवले की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. पुढे हॉलंडच्या लेवेनहूकने स्वतःच्या पायमोज्यात उवा पाळून त्यांची वाढ मोजली. ऊ घामातून होत नाही, उवेपासूनच होते. आपण मात्र अजून 'उवा झाल्या' असेच म्हणतो, जणू त्या आतून उगवल्या. त्या दुसऱ्या डोक्यावरून आलेल्या असतात.

येतात चालत. उवेला पंख नाहीत, उडी मारण्याजोगे पाय नाहीत. सहा पायांच्या टोकाला आकडे आहेत, केसाच्या जाडीला बेतलेले. दोन डोकी एकमेकांना टेकली की ती या केसावरून त्या केसावर जाते. एका सतरंजीवर डोक्याला डोके लावून झोपणाऱ्या, एकमेकींची वेणी घालणाऱ्या पोरींत ती म्हणूनच जास्त सापडते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे खोलीभर औषध फवारण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. खाज ऊ चावल्याची नसते, तिच्या लाळेची शरीराला आलेली ॲलर्जी असते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलीला ही ॲलर्जी यायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे ती डोके खाजवताना बाईंच्या नजरेस पडते, तोवर महिनाभर तिच्या शेजारणीच्या, आणि शेजारणीच्या शेजारणीच्या डोक्यात उवा फिरून आलेल्या असतात. जिला पकडले ती फक्त आधी खाजवू लागलेली मुलगी. तिच्यावर सगळ्यांचे खापर फोडणे हा अन्याय तर आहेच, पण त्यातून उवाही जात नाहीत.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा आहे ती गोष्ट.

ऊ रक्ताशिवाय दुसरे काहीही खात-पीत नाही. रक्तात निम्म्याहून जास्त भाग पाणीच. दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या मानाने भरपूर रक्त ओढल्यावर या जास्तीच्या पाण्याचे ती काय करते? डास बघा. तो हातावर बसून रक्त पीत असतानाच मागच्या टोकाने थेंब टाकतो. ढेकूणही पातळ विष्ठा करतो. उवेची विष्ठा मात्र कोरडी भुकटी असते. मग पाणी जाते कुठे?

श्वासातून. उवेच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना मिळून श्वासरंध्रांच्या ७ जोड्या असतात, म्हणजे १४ बारीक दारे. त्यांतून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. तिला लघवी म्हणून वेगळी करावीच लागत नाही. पोटात आलेले पाणी ती दिवसभर वाफेने उडवत राहते. ही दारे तिला मिटूनही घेता येतात. म्हणून तर न्हाताना ती मरत नाही. प्रयोगात आठ तास पाण्यात बुडवून ठेवलेल्या उवाही वाचल्या आहेत. निपचित पडतात, मेल्यासारख्या दिसतात, कोरड्या झाल्या की पुन्हा चालू लागतात. आठ तास पाण्यात राहून जगणारी ऊ दोन तांब्यांच्या आंघोळीला दाद देईल कशी?

डायमेथिकॉन नावाचे एक सिलिकॉन तेल उवांवर वापरतात. ते विष नाही, मज्जातंतूंना शिवत नाही. ते श्वास कोंडून मारते असेच बहुतेक जण धरून चालत. इंग्लंडचे कीटकशास्त्रज्ञ इयन बर्जेस यांनी २००९ मध्ये याचा माग काढला. उवांना रक्त पाजले, काहींना डायमेथिकॉन लावले आणि वजन करत राहिले. साध्या उवा रक्त पिऊन झाल्यावर हळूहळू हलक्या होत गेल्या, कारण पाणी उडत होते. औषध लावलेल्या उवांचे वजन फारसे उतरलेच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉन श्वासनळ्यांच्या अगदी तोंडाशी बसलेले दिसले. पाणी आत कोंडले, आतल्या अवयवांवर ताण आला, काहींचे आतडेच फुटले.

श्रावण-भादव्यात नाथसागरात वरून आवक चालू आहे आणि जायकवाडीचे २७ दरवाजे एकाच वेळी गंजून बंद पडले आहेत, अशी कल्पना करा. उवेच्या पोटात तेच होते. ती गुदमरून मरते त्यापेक्षा स्वतःच प्यालेल्या पाण्याने मरते.

मग खोबरेल तेलाने हेच का होत नाही? उत्तर पृष्ठताणात आहे. पृष्ठताण म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसून राहण्याची ओढ. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, खोबरेलासारख्या तेलांचा ३० च्या आसपास, डायमेथिकॉनचा जेमतेम २०. उवेचे कवच मेणचट, पाणी झटकणारे असते. घन पृष्ठभागाच्या स्वतःच्या ओढीपेक्षा द्रवाचा पृष्ठताण कमी असेल, तरच द्रव गोळा होऊन न बसता पसरतो आणि केशाकर्षणाने रंध्रात ओढला जातो. रंध्र जितके अरुंद तितकी ही ओढ जास्त. शिवाय बर्जेस यांच्या औषधात डायमेथिकॉन फक्त ४ टक्के होते. बाकी उडून जाणारे पातळ सिलिकॉन, जे त्याला आत पोचवून स्वतः नाहीसे होते. दाट खोबरेल बाहेरच रेंगाळते, तोवर ऊ दारे मिटून घेते.

अंड्याची, म्हणजे लिखेची, गोष्ट वेगळी. मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते, टाळूपासून काही मिलिमीटरवर, आणि प्रत्येक अंडे प्रथिनाच्या डिंकाने केसाला नळीसारखे चिकटवते. केसही प्रथिनाचाच, त्यामुळे डिंक विरघळवील असे काही केसालाही सोडणार नाही. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. आपल्याकडे बहुधा लिहून देतात ते पर्मेथ्रिन मज्जातंतूंवर चालते, आणि लिखेतल्या पिलाचे मज्जातंतू पहिले काही दिवस तयारच झालेले नसतात. विष पोचूनही बिघडवायला आत काही नसते. म्हणूनच नऊ-दहा दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो, आणि घराघरांत तोच चुकतो. शिवाय जगभरात पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा पसरल्या आहेत. हे विष मज्जापेशींतल्या ज्या सोडियमच्या दारांना धरते, त्यांची घडणच या उवांत बदललेली असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा टाळूपासून बोटभर लांबवर दिसणारी लीख रिकामे टरफल असते. ती पाहून केस कापणे म्हणजे सुगी झाल्यावर धसकटांवर फवारा मारणे.

फवाऱ्यावरून आठवले. कपाशीचे औषध, गोचिडांची पावडर, रॉकेल, हे सगळे पोरींच्या डोक्याला लावलेले मी ऐकले आहे. हात जोडून सांगते, लावू नका. शेतीची कीटकनाशके टाळूतून रक्तात जातात, आणि रॉकेल लावलेली पोर चुलीजवळ बसते. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे मुबलक, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. त्याच्या बियांची पूड तेलात खलून लावायची रीत जुनी आहे. तिच्यात ऊ मारणारी द्रव्ये खरोखर आहेत. ती पेशीतला ऊर्जेचा कारखानाच बंद पाडतात. पण हीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाचा पडदा सोलून निघतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' या वाक्यावर विश्वास ठेवून एका लेकराचा डोळा पणाला लावू नये.

आणि जट. उवा, खाजवून झालेल्या जखमा, पू, तेल आणि न विंचरलेले केस एकत्र घट्ट बसले की जट होते. वैद्यकात तिला वेगळे नावही आहे. आपल्याकडे तिला देवीचा कौल म्हणतात, विंचरू देत नाहीत, कापू देत नाहीत, आणि बाईची मान आयुष्यभर त्या ओझ्याखाली वाकते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन समजूत घालून जटा सोडवतात, ते मला मोठे आरोग्याचे काम वाटते. उवांनी विणलेल्या गाठीत देवी नसते.

मग करायचे काय? इस्रायलमधल्या लाखीश येथे हस्तिदंताची सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची एक फणी सापडली. एका बाजूला जाड दाते, दुसऱ्या बाजूला बारीक, अगदी आपल्या आजीच्या लाकडी फणीसारखी. तिच्यावर कोरले आहे की या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. वर्णमालेत लिहिलेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य म्हणून ते ओळखले जाते. ती फणी आजही चालते, फक्त तिला वेळापत्रक हवे. केस ओले करून किंवा तेलाने चोपडून बारीक फणी टाळूपासून शेंड्यापर्यंत ओढायची. तेलाने ऊ मरत नाही, पण मंदावते, फणी सरकते. पहिला दिवस, मग पाचवा, नववा, तेरावा. नव्याने फुटलेल्या पिलाला अंडी घालण्याजोगे व्हायला नऊ ते बारा दिवस लागतात. दर चार दिवसांनी फणी फिरली तर अंडी घालण्याआधीच ते सापडते. मात्र सगळ्या खोलीची, सगळ्या वर्गाची फणी त्याच दिवशी झाली पाहिजे. एक डोके राहिले की महिन्याने पुन्हा पहिला दिवस.

शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडून हे होणार नाही, कारण हे एका दिवसाचे काम नाही, तेरा दिवसांचे आहे. ते वसतिगृहाच्या आणि शाळेच्या वेळापत्रकातच बसले पाहिजे. आपल्या भागात वर्षातून दोनदा तरी: जूनमध्ये शाळा उघडताना, आणि दिवाळीनंतर, जेव्हा आईबाप ऊसतोडीला कोपीवर जातात आणि गावोगावची लेकरे हंगामी वसतिगृहात एकत्र येतात. पैसा लागतो तो फण्यांपुरता. मुलीला घरी धाडायची गरज नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही उवांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवू नका असेच सांगते.

पंचमीनंतरच्या रविवारी मी भाचीला सोडायला गेले तेव्हा बाजारातून दोन डझन फण्या घेतल्या. बाई आधी अवघडल्या, मग म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो. केस कापण्याशिवाय दुसरं सुचलं नाही." आम्ही पोरींना व्हरांड्यात जोड्या करून बसवले, पांढऱ्या कागदावर फण्या झटकल्या, मोजले. कापलेल्या डोक्यांतही उवा निघाल्या. ऊ टाळूपाशीच राहते, तिला बोटभर केसही पुरतात.

भाचीने तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. तिसरी फणी येत्या सोमवारी आहे.