दोष की डॅमेज? स्मार्टवॉचच्या वॉरंटीचा वाद नेमका कुठे अडतो

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर घड्याळ ठेवलं की समोरचा मुलगा आधी ते तिरपं करून उजेडात धरतो. बिघाड काय आहे ते नंतर, आधी खूण शोधायची. फ्रेमवर ओरखडा, काचेच्या कडेला टवका, चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर, यातलं काहीही सापडलं की जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘सीआयडी’ अशी नोंद पडते. सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. पुढचं वाक्य पुण्यातल्या कुठल्याही सेंटरमध्ये साधारण सारखंच ऐकू येतं: “सर, वॉरंटीत बसणार नाही. एस्टिमेट काढू का?”

बहुतेक लोक इथेच हार मानतात, कारण ओरखडा तर खरंच असतो. पण घड्याळावर खूण असणं वेगळं आणि त्या खुणेमुळे घड्याळ बिघडणं वेगळं. रोज मनगटावर असणाऱ्या, दुचाकीच्या हँडलला, लिफ्टच्या दाराला, ऑफिसच्या टेबलाला घासणाऱ्या वस्तूवर सहा महिन्यांत ओरखडे येणारच. व्हायब्रेशनची मोटर बंद पडली असेल तर डाव्या कडेच्या ओरखड्याचा तिच्याशी काय संबंध, हा प्रश्न काउंटरवर विचारायलाच हवा. आणि तो लेखी विचारायला हवा.

कायदाही याच बाजूने बोलतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘दोष’ म्हणजे वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात किंवा दर्जात असलेली खोट, अपूर्णता किंवा उणीव. वस्तू बाहेरून नवीकोरी दिसली पाहिजे अशी अट त्या व्याख्येत नाही. डॅमेज म्हणजे वस्तू चांगली होती आणि बाहेरच्या कशाने तरी, आपटण्याने, दाबाने, उष्णतेने किंवा चुकीच्या चार्जरने, ती बिघडली. दोन्हींत घड्याळ बंदच पडतं. फरक कारणाचा आहे, आणि कारण घड्याळ बारकाईने बघितलं तर बऱ्याचदा सापडतं.

काचेचा तडा

सगळ्यात जास्त वाद काचेवरून होतात, आणि इथे ग्राहकाची बाजू बहुतेक वेळा खरोखरच पडकी असते. तरी नीट बघून घ्यावं. घड्याळदुरुस्तीवाले वापरतात ते 10 पटींचं भिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा मॅक्रो मोड चालतो.

आपटून गेलेल्या तड्याला उगम असतो. एका ठिकाणी काच चुरडलेली, पांढुरकी दिसते, नख फिरवलं तर बारीक खळगा लागतो आणि तिथून रेषा फाटे फोडत पसरतात. बऱ्याचदा त्याच जागी शेजारच्या धातूलाही टवका असतो. ताणाने गेलेला तडा वेगळा दिसतो. तो कडेपासून निघतो, बहुधा एकच गुळगुळीत रेष असते, कडेकडेने वळत जाते आणि सुरुवातीच्या जागी चुरा किंवा खळगा नसतो. आतली बॅटरी फुगून काचेला खालून रेटत असेल, काच फ्रेममध्ये घट्ट बसवली असेल किंवा कड नीट घासलेली नसेल तर असा तडा जाऊ शकतो.

हे काल्पनिक नाही. ॲपलने ऑगस्ट 2019 मध्ये वॉच सिरीज 2 आणि सिरीज 3 च्या ॲल्युमिनियम मॉडेल्ससाठी स्क्रीन फुकट बदलून देण्याची योजना जाहीर केली होती. क्वचित काही घड्याळांत काचेच्या गोलसर कडेने तडा जाऊ शकतो, तो एका बाजूला सुरू होऊन पुढे सगळ्या बाजूंनी फिरू शकतो, असं कंपनीनेच सांगितलं होतं. तेव्हा तडा दिसला म्हणजे ग्राहकाने पाडलं, हे समीकरण सरसकट लागू पडत नाही. मात्र कडेवर बसलेला घाव भिंगातूनही चुकू शकतो. शेजारच्या धातूवर ताजी, चकचकीत खूण असेल तर ताणाचा युक्तिवाद टिकणार नाही, तो करूही नये.

फुगलेली बॅटरी

ही वेगळी काढून सांगायला हवी, कारण काउंटरवर हिला सर्रास डॅमेज म्हटलं जातं. “स्क्रीन निघालीय, सर. पडलं असेल.” पडून स्क्रीन सुटली तर फ्रेमवर मार दिसतो. बॅटरी फुगून सुटली तर फ्रेम शाबूत असते आणि काच एका बाजूने, हळूहळू, काही दिवसांत वर येत जाते.

बहुतेक स्मार्टवॉचमध्ये लिथियम पॉलिमरची मऊ पाकिटासारखी बॅटरी असते. आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित झालं की वायू तयार होतो, पाकीट फुगतं आणि जागा नसल्यामुळे डिस्प्लेला वर ढकलतं. घरी तपासायचं तर झेरॉक्सच्या साध्या कागदाची पट्टी घ्या, ती साधारण 0.1 मिलिमीटर जाड असते, आणि काच व फ्रेममधल्या फटीवरून अलगद फिरवा. कागद कुठेही आत शिरला तर घड्याळ वापरणं आणि चार्ज करणं त्याच क्षणी थांबवा. काच दाबून परत बसवायचा मोह अजिबात नको. फुगलेलं पाकीट फाटलं तर ते पेट घेऊ शकतं. तापणाऱ्या बॅटरीपायी फिटबिटने मार्च 2022 मध्ये आयॉनिक हे घड्याळ परत मागवलं होतं, वापरणाऱ्यांना चटके बसल्याच्या तक्रारी होत्या.

बॅटरी वॉरंटीच्या काळात फुगली, फ्रेमवर आघात नाही, आणि कंपनीच्या सूचनेतलाच चार्जर वापरला आहे, तर ही दोषाची केस आहे. ठाम राहा. एक अट आधी वाचून ठेवा: काही कंपन्या घड्याळाला 1 वर्ष देतात पण बॅटरी, चार्जर, पट्टा यांना 6 महिनेच, किंवा पट्ट्याला काहीच नाही.

पाणी

खोक्यावर ‘5एटीएम’ छापलेलं असतं आणि आतल्या कागदावर ‘पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही’. दोन्ही एकाच कंपनीचं लिखाण. इथे भांडायला जागा आहे, पण आधी आकडे समजून घ्यायला हवेत.

5एटीएम म्हणजे 50 मीटर खोलीवर असेल तेवढा स्थिर दाब घड्याळ सोसतं. 50 मीटर खोल बुडी मारायला परवानगी, असा त्याचा अर्थ नाही. पोहताना हात पाण्यावर आपटतो तेव्हाचा दाब वेगळा असतो. आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. आयपी68 म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने ठरवलेलं असतं, म्हणून ते माहितीपत्रकात शोधावं लागतं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: बुडवण्याची चाचणी पास झालेली वस्तू जोरदार फवाऱ्याच्या चाचणीतही पास असेलच असं नाही. गाडी धुताना नळीची धार थेट घड्याळावर मारली तर खोक्यावरच्या आयपी67 किंवा आयपी68 मधला 7 किंवा 8 कामाला येत नाही.

या चाचण्या साध्या, गोड्या पाण्यात होतात. गिझरचं गरम पाणी, वाफ आणि साबण हा सगळ्यात वाईट मेळ. उष्णतेने आतली हवा फुगते, गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी पट्टी, आणि चिकटपट्टी मऊ पडते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते बारीक फटींत शिरतं. बाहेर येऊन घड्याळ गार झालं की आतली हवा आकसते आणि ओल आत ओढली जाते. सकाळी काचेच्या आत धुकं दिसतं ते बहुधा यामुळे. तेव्हा “मी फक्त आंघोळ केली” हे वाक्य ग्राहकाला बचावाचं वाटतं, प्रत्यक्षात ते त्याच्याच विरोधात जातं.

उलट बाजू अशी. घड्याळ 5एटीएमचं आहे, फ्रेमला आणि काचेला धक्का नाही, वापर फक्त पावसात भिजण्याचा किंवा तलावातल्या साध्या पोहण्याचा आहे, आणि माहितीपत्रकात पोहायला चालेल असं लिहिलं आहे. तरी पाणी शिरलं. मग पाणी शिरणं हाच दोष. सर्व्हिस सेंटर आतला पांढरा स्टिकर लाल झालेला दाखवेल. पाणी लागलं की रंग बदलणारा तो स्टिकर पाणी आत आलं एवढंच सांगतो. ते ग्राहकाच्या चुकीने आलं की सील कच्चं होतं म्हणून आलं, हे त्याला सांगता येत नाही. हे वाक्य जॉबशीटवर, निदान ईमेलमध्ये, जसंच्या तसं लिहा.

फ्रेमला पोचा आहे आणि पाणीही शिरलं आहे, तर केस जवळजवळ गेली. पोच्यामुळे सील हललं हे कारण सरळ दिसतं.

चार्जिंगच्या पिना हिरव्या पडणं यातही ग्राहक बहुतेक हरतो. घामातलं मीठ आणि चार्जिंगचा विद्युतदाब मिळून धातू झिजतो. व्यायामाहून आल्यावर घड्याळाची पाठ पुसून, कोरडी करूनच चार्जरवर ठेवावं. हलका थर असेल तर घड्याळ बंद करून कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसता येतो.

घड्याळ देताना

वाद जिंकला जातो तो घड्याळ हातातून सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत. स्क्रीन चालू ठेवून आणि बंद करून फोटो, चारही कडा, पाठ, पिना, बटण, आणि एका फोटोत सीरियल नंबर दिसेल असा. शक्य असेल तर काउंटरवरच काढा, म्हणजे मागे सेंटरही दिसतं. फोनशी जोडणी तोडा, खातं काढा. नाहीतर ‘लॉक आहे’ म्हणून आठ दिवस तिथेच जातात.

मग जॉबशीट वाचा. ‘वस्तूची स्थिती’ या रकान्यात ‘स्क्रॅचेस, डेंट्स’ असं बऱ्याचदा आधीच छापलेलं किंवा सवयीने टिक केलेलं असतं. त्याखाली सही केली की दोन आठवड्यांनी तोच कागद तुमच्यासमोर येतो. डेंट नसेल तर खोडायला सांगा आणि नेमकं लिहून घ्या: ‘काचेला तडा नाही. उजव्या कडेला अंदाजे 4 मिमी ओरखडा. तक्रार: चार्ज होत नाही.’ घाईच्या वेळी काउंटरवरचा मुलगा कंटाळेल, पण त्याच्याशी वाईट बोलू नका. निर्णय त्याचा नसतो.

नकार आला तर तीन गोष्टी लेखी मागा: नकाराचं कारण, आतल्या भागाचे फोटो, आणि त्या खुणेमुळे हा बिघाड कसा झाला याचं तांत्रिक स्पष्टीकरण. तिसरी मागणी महत्त्वाची. एवढ्यावरच बरीच प्रकरणं वरच्या पातळीवर पुन्हा तपासायला जातात.

नकार आला म्हणून लगेच पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन घड्याळ उघडू नका. तिथल्या कारागिरांचा हात चांगला असतो आणि वॉरंटी संपलेल्या घड्याळासाठी तो रस्ता अगदी योग्य आहे. पण एकदा बाहेर उघडलं की कारखान्याचं सील तुटतं आणि कंपनीला नवं, पक्कं कारण मिळतं.

विमा किंवा ‘डॅमेज प्रोटेक्शन’ प्लॅन घेतला असेल तर हिशोब उलटा होतो. तिथे पडलं हेच सांगायचं, कारण प्लॅन अपघातासाठीच असतो आणि दर वेळी ठरलेली रक्कम भरावी लागते. अनेकजण प्लॅन असूनही वॉरंटीच्या काउंटरवर ‘आपोआप झालं’ म्हणत राहतात. दोन्हीकडे वेगवेगळी हकिकत नोंदली गेली की दोन्ही दावे अडकतात. खरं काय झालं तेच सांगावं, दोन्हीकडे तेच.

त्यापुढे

ऑनलाइन घेतलं असेल तर विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची असते. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ती आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते, आणि नोंदवलेला क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

तिथेही जमलं नाही तर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायची मुभा 2019 च्या कायद्याने दिली आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र 2 वर्षांची आहे, तारखा लिहून ठेवा. आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि भरपाई असे आदेश देऊ शकतो. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत ही ग्राहकांच्या हक्कांसाठीची संघटना सुरू केली ती याच शहरात. अर्ज कसा लिहायचा हे विचारायला पुण्यात माणसं मिळतात, विचारायला संकोच नको.

आयोगापुढे दोष दाखवण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराची असते. नुसत्या बघण्याने दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तिचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. म्हणून घड्याळ परत आणताना ते बंद पाकिटात, सील तसंच, जॉबशीटसह घ्या आणि निकाल लागेपर्यंत कुठेही उघडू देऊ नका. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ते घरात कपाटात ठेवायची वस्तू नाही. सेंटरलाच ठेवून घ्यायला सांगा आणि ‘न उघडता जपून ठेवले आहे’ अशी सही-शिक्क्याची पोच घ्या.